विश्वातला हायड्रोजन परत कोणी आयोनाइज केला? हिशोब मांडताना या चुका टाळा

"सुरुवातीच्या विश्वात सगळीकडे हायड्रोजनचं धुकं होतं, मग पहिले तारे पेटले आणि धुकं गेलं." रीआयोनायझेशनवर, म्हणजे हायड्रोजन अणूंमधले इलेक्ट्रॉन परत सुटे होण्यावर (अणूतून इलेक्ट्रॉन काढणं म्हणजेच आयोनाइज करणं), मराठीत कोणी पोस्ट टाकली किंवा स्लाइड केली की हे वाक्य हमखास असतं, आणि ते अगदीच खोटं नाही पण त्यात दोन-तीन गोष्टी अशा दडल्यात की त्या धरून पुढे गेलं की सगळं गणित फसतं. विषय मुळात हिशोबाचा आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, किती बनले, त्यातले गॅलेक्सीच्या बाहेर किती पडले आणि बाहेर लागत किती होते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरल्या नाहीत तर कोणालाही दोषी ठरवता येतं आणि कोणालाही सोडून देता येतं.

आधी ते धुकं. बिग बँगनंतर साधारण 3,80,000 वर्षांनी इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जुळून न्यूट्रल हायड्रोजन बनला आणि त्याच वेळी विश्व पारदर्शक झालं, म्हणून तर कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, म्हणजे तेव्हा सुटलेला प्रकाश, आपल्याला आज दिसतं. म्हणजे नंतरच्या अंधारयुगात अंधार होता तो दिवे नव्हते म्हणून, साध्या प्रकाशाला कोणी अडवत होतं म्हणून नाही. न्यूट्रल हायड्रोजन अडवतो ते 91.2 नॅनोमीटर आणि त्याहून छोट्या तरंगलांबीचं अल्ट्राव्हायोलेट, शिवाय 121.6 सारख्या ठरावीक रेषा, एवढंच. मग लगेच उलटा प्रश्न येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे: इलेक्ट्रॉन परत सुटे झाले तर विश्व परत अपारदर्शक का नाही झालं? कारण तोवर सगळं इतकं पसरलेलं होतं की रेडशिफ्ट 7 ला (रेडशिफ्ट म्हणजे विश्व पसरताना प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप, आकडा जितका मोठा तितका काळ जुना) एका घनमीटरमध्ये सरासरी जेमतेम 100 हायड्रोजन अणू येतात. प्लँक उपग्रहाच्या मोजणीत ऑप्टिकल डेप्थ 0.054 निघाली, म्हणजे कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडच्या त्या जुन्या फोटॉनपैकी 5 टक्क्यांच्या आसपासच वाटेत सुट्या इलेक्ट्रॉनवर आपटले.

दुसरी चूक ऊर्जेची. "एवढ्या गॅलेक्सी, एवढा उजेड, मग हायड्रोजन फुटणारच" असं नसतं हो. एका अणूतून इलेक्ट्रॉन काढायला 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि ते एकाच फोटॉनकडे असावे लागतात, कमी ऊर्जेचे दहा जण मिळून वर्गणी काढून चालत नाही. आपला सूर्य पृष्ठभागावर 5800 केल्विनचा, त्याच्याकडे असले फोटॉन जवळपास नाहीतच. ते येतात 30,000 केल्विनच्या वरच्या, वजनदार निळ्या ताऱ्यांकडून, आणि हे तारे काही दशलक्ष वर्षांत मरतात. त्यामुळे गॅलेक्सीत एकूण तारे किती हे बघून काही कळत नाही, नवीन तारे किती वेगाने बनतायत ते बघायचं. आणि "पहिल्या ताऱ्यांनी केलं" असं लिहिताना पण थांबा, जड मूलद्रव्यं नसलेल्या त्या पहिल्या पिढीने सुरुवात केली असेल पण बहुतेक काम नंतरच्या पिढ्यांनी, गॅलेक्सीत बसून केलं असंच आजचं चित्र आहे.

आता क्वेसार, म्हणजे गॅलेक्सीच्या मध्यातल्या महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या तप्त गॅसचा झगमगाट. ते इतके झगझगीत असतात की पहिला संशय त्यांच्यावर जातो, मला ते समजू शकतं. पण एक क्वेसार किती तेजस्वी आहे यापेक्षा तसे आहेत किती हे महत्त्वाचं, आणि रेडशिफ्ट 3 च्या पलीकडे गेलं की त्यांची संख्या धाडकन कमी होते. याहून पक्का पुरावा हेलियम देतो. हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला 54.4 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, एवढे कडक फोटॉन साध्या ताऱ्यांकडे फारसे नसतात पण क्वेसारकडे भरपूर असतात. ते काम पूर्ण झालं रेडशिफ्ट 3 च्या आसपास, विश्व 2 अब्ज वर्षांचं असताना, म्हणजे हायड्रोजनच्या बरंच नंतर. हायड्रोजन जर मुख्यतः क्वेसारनीच फोडला असता तर हेलियमही त्याच सुमारास फुटलेला दिसला असता. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला सुरुवातीच्या काळात अपेक्षेपेक्षा जास्त कृष्णविवरं दिसायला लागल्यावर हा वाद परत तापलाय आणि तापायलाच हवा, फक्त "कृष्णविवरं सापडली" म्हणजे "आयोनाइज करणारे फोटॉन बाहेर आले" असं एका दमात लिहू नका.

बाहेर येणं, सगळी गोम तिथेच आहे. गॅलेक्सीत बनलेले बहुतेक फोटॉन तिच्याच गॅसमध्ये आणि धुळीत संपतात, जे निसटतात त्यांच्या प्रमाणाला एस्केप फ्रॅक्शन म्हणतात. हे त्या काळातल्या गॅलेक्सीसाठी थेट मोजताच येत नाही कारण वाटेतला हायड्रोजन नेमके हेच फोटॉन खातो. म्हणून जवळच्या, तशाच स्वभावाच्या गॅलेक्सी शोधतात. इथे पुण्याचं नाव अभिमानाने घ्यावं असं काम आहे: आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अल्ट्राव्हायोलेट दुर्बिणीतून एयूडीएफएस01 नावाची गॅलेक्सी पकडली, 2020 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिच्यातून निघताना 60 नॅनोमीटरच्या आसपास असलेला प्रकाश 9.3 अब्ज वर्षं प्रवास करून, ताणला जाऊन आपल्याकडे पोचला, आणि एस्केप फ्रॅक्शन किमान 20 टक्के निघालं. पण तेव्हा आणि आजही काही जण लिहितात की "विश्व उजळवणारी गॅलेक्सी भारताने शोधली". तसं नाही. तिचं रेडशिफ्ट 1.42, रीआयोनायझेशन त्याच्या कितीतरी आधी उरकलेलं होतं. ती नमुना आहे, असा प्रकाश बाहेर पडू शकतो याचा आणि तो कसा पडतो हे शिकण्याचा. एवढं मोल पुरे आहे, त्यावर अजून चढवायची गरज नाही. आणि तो 20 चा आकडा उचलून सगळ्या गॅलेक्सींना लावणं ही तर अजून मोठी चूक, वेगवेगळ्या गॅलेक्सीत तो शून्याजवळही असतो आणि निम्म्याच्या वरही जातो.

याच्या उलट बाजूची चूक हल्ली जास्त दिसते, फोटॉन जास्त मोजण्याची. 2024 मध्ये एबेल 2744 या गॅलेक्सींच्या क्लस्टरच्या मागे, त्याच्या गुरुत्वीय भिंगाचा (त्याच्या गुरुत्वाने मागचा प्रकाश वाकून मोठा दिसतो त्याचा) फायदा घेऊन, आठ अतिशय मंद छोट्या गॅलेक्सींचा वेबने घेतलेला स्पेक्ट्रम प्रसिद्ध झाला आणि या गॅलेक्सी, आधी धरलं होतं त्याच्या चौपट कार्यक्षमतेने, आयोनाइज करणारे फोटॉन बनवताना दिसल्या. म्हणजे सरासरी 5 टक्के निसटले तरी काम भागतं. आता कोणी हा चौपट आकडा घेतो, त्याला 20 टक्के एस्केप लावतो, वर वेबने दाखवलेल्या जास्तीच्या गॅलेक्सी जोडतो आणि मग विश्व फारच लवकर आयोनाइज होतं, प्लँकशी जुळत नाही. तुमच्या गणितात असं आलं तर आधी हे तीन आकडे कुठल्या प्रकारच्या गॅलेक्सीवरून आलेत ते बघा, तिघांची सगळ्यात मोठी किंमत एकाच वेळी घ्यायचा आपल्याला काही हक्क नाही. आणि खर्चाची बाजूही तपासा, एका अणूला एक फोटॉन पुरत नाही, सुटलेला इलेक्ट्रॉन परत प्रोटॉनला जुळतो आणि पुन्हा फोडावा लागतो, दाट जागी तर वारंवार.

तारखेचं थोडक्यात. "रीआयोनायझेशन अमुक वर्षी झालं" असं लिहू नका, गॅलेक्सीच्या झुंडींभोवती बुडबुडे वाढत गेले, एकमेकांत मिसळले, कुठे लवकर कुठे उशिरा. प्लँकचं 7.7 रेडशिफ्ट हा मधला टप्पा आहे, शेवट 6 ते 5.3 च्या दरम्यान. जुन्या नोट्समध्ये 17 दिसलं तर ते प्लँकच्या आधीच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या 2003 च्या पहिल्या निकालातलं आहे, तेव्हा ऑप्टिकल डेप्थ 0.17 आली होती आणि पुढे ती उतरत गेली, म्हणून ते 17 खोडून टाका. आणि लांबच्या क्वेसारच्या स्पेक्ट्रममध्ये गन-पीटरसन ट्रफ दिसला, म्हणजे 121.6 च्या अलीकडचा प्रकाश साफ गायब, म्हणून तिथला हायड्रोजन सगळा न्यूट्रल असाही अर्थ काढू नका, दहा हजारांत एक अणू न्यूट्रल असला तरी तो पट्टा काळा पडतो.