ईजीएफची व्हायल उघडण्याआधी

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या लॅबमधल्या एका मुलीने ईजीएफची, म्हणजे पेशींना वाढायला लावणाऱ्या एका प्रोटीनची, नवी व्हायल (छोटी बाटली) उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "ताई, ही तर रिकामीच पाठवली!" तोवर तिने झाकण उघडलं होतं. १०० मायक्रोग्रॅम पावडर म्हणजे मिठाचे एक-दोन कण. ती डोळ्यांना दिसत नाही आणि प्रवासात कुठेही, अगदी झाकणाच्या आतसुद्धा चिकटून बसते. त्या व्हायलने पुढे पेशींवर काहीच परिणाम दाखवला नाही. मी शेजारीच उभी होते आणि वेळेवर बोलले नाही, याची बोच अजून आहे. अमरावती रोडवरच्या एका कॉलेजच्या सेल कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या) लॅबमध्ये मी १६ वर्षं काम करते. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना दरवर्षी जे सांगते, ते इथे लिहिते.

सुरुवात ऑर्डरपासून करा. पार्सल शनिवारी येऊन पडणार नाही असा हिशेब धरा. कोरड्या पावडरीला दोन-तीन दिवसांचा प्रवास सहसा बाधत नाही, पण नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) गेटवर उन्हात पडून राहिलेला थर्माकोलचा डबा ही वेगळी गोष्ट आहे. गेटवरच्या काकांना आधीच सांगून ठेवा. आम्ही त्यांच्या टेबलावर आमचा नंबर चिकटवला आहे.

आता व्हायल. फ्रीझरमधून काढल्यावर बंदच ठेवा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड व्हायल उघडली की हवेतलं पाणी आत धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर हमखास. मात्र डेटाशीटमधलं (कंपनीच्या माहितीपत्रकातलं) "खोलीचं तापमान" म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद असलेली खोली ३८ अंशांवर असते. ती खोली यात धरायची नाही. लाइट गेली असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे व्हायल जोरात गरगर फिरवणारं यंत्र. अर्धा ते एक मिनिट फिरवा, म्हणजे झाकणाला चिकटलेलं सगळं तळाशी येईल. ही पायरी कधीही सोडू नका. त्यानंतरच हुडखाली (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) झाकण उघडायचं.

कशात विरघळवायचं ते डेटाशीट सांगते आणि तिथे स्वतःची अक्कल चालवायची नाही. ईजीएफला बहुधा निर्जंतुक पाणी चालतं. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या वाढीच्या घटकाला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, साधारण ४ मिलिमोलर. आमची ईजीएफची पद्धत अशी: १०० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये अर्धा मिली पाणी भिंतीवरून हळूच सोडायचं, व्हायल तिरकी करून गोल फिरवायची, दहा मिनिटं ठेवायची. व्होर्टेक्स (जोरात हलवणारं यंत्र) नाही, पिपेटने फसाफसा वरखाली करणं नाही. फेस आला की हवा आणि पाणी भेटतात त्या पृष्ठावर प्रोटीन उलगडतं, मग ते बिघडतं. ईजीएफ अवघ्या ५३ अमिनो आम्लांचं, पण तीन डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेलं असतं. म्हणून डीटीटीसारखं, हे बंध तोडणारं रसायन त्याच्या आसपासही नको.

त्यानंतर पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) केलेलं ०.२ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) अर्धा मिली घाला. झालं १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ०.१ टक्का बीएसएसकट. हे बीएसए कशाला, असं मुलं विचारतात. पातळ द्रावणातलं प्रोटीन ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटून संपतं. बीएसए आधी जाऊन ती जागा अडवतं. याच कारणाने तयार द्रावण फिल्टरमधून काढू नका, फिल्टरच ते पिऊन टाकेल. फिल्टर करायचं ते बीएसए, आधी. मात्र प्रोटीनवर टॅग (ओळखखूण) लावायचा असेल किंवा इलायझा चाचणीसाठी अँटिबॉडी बनवायची असेल, तर बीएसए घालू नका आणि कॅरियर-फ्री, म्हणजे बीएसएसारखं जोड-प्रोटीन नसलेला, माल मागवा.

यातले १०० मायक्रोलिटर घेऊन ९०० मायक्रोलिटर बीएसएवाल्या पीबीएसमध्ये मिसळा: १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. लो-बाइंडिंग (प्रोटीन कमी चिकटणाऱ्या) ट्यूबमध्ये ५०-५० मायक्रोलिटरचे वीस अलिकॉट (छोटे वाटे) करा. १० मिली मीडियामध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रावात) यातले १० मायक्रोलिटर घातले की १० नॅनोग्रॅम प्रति मिली मिळतं. पाच मायक्रोलिटरचे चिमुकले अलिकॉट करू नका. फ्रीझरमध्ये ते सुकतात. उरलेला स्टॉक उणे ८० मध्ये ठेवा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर मात्र टाळाच. तो बर्फ साचू नये म्हणून स्वतःच मधूनमधून गरम होतो आणि तुमचे अलिकॉट तुमच्या नकळत वितळतात-गोठतात. एकदा वितळवलेला अलिकॉट पुन्हा गोठवायचा नाही. ४ अंशांवर ठेवून आठवडाभरात संपवायचा. एफजीएफ-२ हा आणखी एक वाढीचा घटक ईजीएफहून नाजूक: ३७ अंशांवर मीडियामध्ये एका दिवसाच्या आत त्याचा जोर बराच उतरतो, म्हणून तो रोज ताजा घालावा लागतो. हेपरिन या साखरेच्या साखळीसारख्या रेणूसोबत थोडा जास्त टिकतो.

मला या प्रोटीनबद्दल खरोखर माया आहे. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधी उघडले. त्यातूनच ईजीएफ सापडलं आणि १९८६ मध्ये त्यांना रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं. तेव्हा ग्रंथी गोळा कराव्या लागायच्या. आज हेच प्रोटीन ई. कोलाय हा जिवाणू बनवून देतो.

नवा लॉट (कंपनीची नवी खेप) आला की जुना संपायच्या आधी दोन्ही एकाच प्लेटवर, त्याच पेशींवर तपासा, आणि शेजारी ईजीएफ न घातलेले वेल (प्लेटवरचे खळगे) ठेवा. आधी पेशींच्या मीडियातलं सीरम (रक्तातला पातळ द्रव) कमी करा. १० टक्के सीरममध्ये वाढीचे घटक आधीच भरपूर असतात, त्यात तुमचा ईजीएफ दिसणारच नाही. ट्यूबवर लॉट नंबर, तारीख आणि सांद्रता लिहा, स्पिरिटने पुसलं न जाणाऱ्या मार्करने.