मुलांसाठी ॲप बनवताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत मुलांची ॲपं बनवणाऱ्यांशी बोललं की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘मुलं नीट वापरतच नाहीत.’ नीट वापरत नाहीत म्हणजे नेमकं काय करतात, हे शेजारी बसून बघा. दोष बहुतेक वेळा आपल्या पडद्यात सापडतो.

मूल सगळीकडे बोटं मारत सुटलं असेल, तर सूचना लिहून दिलीय का ते आधी तपासा. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. आवाजात सांगा, एका वेळी एकच गोष्ट. ओढून नेताना त्याचं बोट मध्येच सुटतं. तेव्हा चित्र परत सुरुवातीला पाठवू नका, सुटलं तिथेच राहू द्या. टॅबलेट धरताना तळवा कडेला टेकतो, म्हणून बटणं कडेपासून आत घ्या.

मूल मुद्दाम चुकीचं उत्तर देतंय? चुकल्यावर वाजणारा ‘टॉंय’ आवाज बरोबर उत्तराच्या टाळ्यांपेक्षा गमतीचा असेल, तर ते चुकणारच. चुकीला बक्षीस नको आणि फुलीही नको. तीन आंबे मागितले, मुलाने चार ठेवले, तर टोपलीतले आंबे एकेक करून मोजून दाखवा. चौथा कुठे जास्त झाला हे त्याला दिसलं पाहिजे.

‘जास्त कुठे?’ हा खेळ तर फारच निष्काळजीपणे केला जातो. पसरून मांडलेल्या पाच गोट्या जवळजवळ मांडलेल्या पाचांपेक्षा जास्त आहेत, असं सात वर्षांखालच्या अनेक मुलांना वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे दाखवून दिलं. आपण गोट्या कशाही विखुरतो आणि मूल मोजणीत कच्चं आहे असा अहवाल आईबाबांना पाठवतो. हा त्या मुलावर अन्याय आहे. आधी गोट्या समोरासमोर जोडीने मांडा, त्या मुलाला स्वतः हलवू द्या, मगच विस्कटा.

‘वय ३ ते १०’ अशी पाटी लावू नका. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचं स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं साधन, ८ ते १६ वर्षांसाठी आहे. ५ ते ७ वयासाठी २०१४ मध्ये स्क्रॅच ज्युनियर वेगळं काढावं लागलं आणि त्यातल्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रं आली.

अक्षरं शिकवत असाल तर फॉन्ट बघा. ‘ल’ आणि ‘श’ अनेकदा हिंदी वळणाचे उमटतात आणि मूल शाळेच्या पुस्तकातलं अक्षर शोधत बसतं. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की बऱ्याच फॉन्टमध्ये वळण सुधारतं.

सगळं पडद्यावरच करायचा हट्टही सोडा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, शिंपले, बिया, पानं घेऊन मुलांना शिकवलं. ‘घरातल्या तीन गोल वस्तू शोधून आण’ एवढं सांगून ॲपने खुशाल थांबावं.

जाहिरातींसाठी मुलांवर पाळत ठेवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते.

आणि चाचणी ऐरोलीच्या एसी ऑफिसात, सहकाऱ्याच्या मुलावर उरकू नका. दिवा किंवा कळव्यासारख्या उपनगरातल्या घरात जा, जिथे फोन आईचा आहे, काच तडकलीय आणि टीव्ही चालू आहे. ‘आवडलं का?’ विचारू नका, मुलं ‘हो’च म्हणतात. बोट आधी कुठे जातं आणि मूल मदतीसाठी कधी वर बघतं, तेवढं टिपून घ्या.