इंजिन बंद पडल्यावर शेतात उतरताना या चुका टाळा

सेसना १५२ या छोट्या प्रशिक्षण विमानात मी शिकाऊ मुलाच्या शेजारी बसून थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढला आणि "इंजिन गेलं" म्हटलं, की बहुतेकांचा हात आधी रेडिओकडे जातो. रेडिओ नंतर. आधी नाक खाली, वेग ६० नॉट, मग ट्रिम, म्हणजे तो वेग आपोआप टिकेल अशी जुळणी. मग शेत निवडा, मग इंजिन पुन्हा सुरू होतंय का बघा, आणि त्यानंतर ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच मेडे, म्हणजे संकटाची हाक, द्या.

नाशिकवर हमखास होणारी चूक उंचीची. इथली जमीनच समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,००० फुटांवर. क्यूएनएचवर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवेल असा लावलेला अल्टिमीटर (उंचीमापक) ३,५०० दाखवतो आणि मुलं निर्धास्त होतात, पण हाताशी असतात फक्त १,५०० फूट. वारा नसेल तर हजार फूट उंचीत पावणेतीन किलोमीटरच्या आसपास जाता येतं, तेही वेग सांभाळला तर. मी नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) २,००० हा आकडा ठळक लिहायला लावतो.

निफाडच्या बाजूला एकाला असंच इंजिन 'बंद' करून दिलं. चेकलिस्ट तोंडपाठ असलेला मुलगा. त्याने झटकन हिरवं, सपाट, लांबलचक शेत दाखवलं आणि वळला. जमिनीपासून सहाशे फुटांवर त्याला लोखंडी अँगलच्या रांगा आणि ताणलेल्या तारा दिसल्या. द्राक्षबाग! पलीकडचं नांगरलेलं रान गाठायला त्याने नाक वर ओढलं. वेग ४५ पर्यंत आला, स्टॉल वॉर्निंग (वेग फार कमी होऊन पंखांची उचल जाण्याआधीचा इशारा) वाजायला लागलं. कंट्रोल माझ्याकडे घेतले, नाक खाली, पूर्ण थ्रॉटल, गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

चुका दोन झाल्या, आणि दुसरी जास्त घातक. नाक वर केल्याने विमान लांब जात नाही, उलट अलीकडेच पडतं. पोचत नाही असं वाटलं तर ६० नॉट धरून जवळचं दुसरं शेत घ्या. आपल्याकडे वरून जे एकसारखं हिरवं दिसतं ते द्राक्षाचा मांडव समजूनच सोडून द्या. काढणी झालेलं कांद्याचं, गव्हाचं रान बघा आणि सरीच्या दिशेने उतरा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, खांबच शोधा. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचं चाक रुततं, म्हणून टेकल्यावरही योक (विमानाचं हँडल) मागे धरून ठेवा.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळू नका. व्हिडिओ बघून "जमतं की" म्हणणारी मुलं मला भेटतात आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते. पुन्हा धावपट्टीच्या रेषेत यायचं तर १८० अंशांत भागत नाही. उंची राखून ४५ अंश कलतं वळण घेतलं तर स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो, ६० अंशांत ४१ टक्के. मे महिन्यातल्या उन्हात विमान चढतंही मंद. समोर, डावी-उजवीकडे ३० अंशांत जे मिळेल तिथे उतरा.

बाकीचं थोडक्यात. कार्ब्युरेटर हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला एक्झॉस्टवर तापलेली हवा देणारी कळ, लगेच ओढा. एक्झॉस्ट थंड झाल्यावर त्याचा उपयोग नाही. शेत पक्कं गाठेपर्यंत फ्लॅप (उतरताना पंखांमागून खाली येणाऱ्या झडपा) नकोत. टेकण्याआधी मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण), इंधन आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, दारं उघडी. विमानातली वीज तोडणारा मास्टर स्विच मात्र फ्लॅप पूर्ण आल्यावरच बंद करा, कारण १५२ चे फ्लॅप विजेवर चालतात.