चिनी अभिजात साहित्य इंग्रजीत नेताना या चुका टाळा

चिनी शिकणाऱ्याला वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं की त्याचा हात हमखास थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) एखाद्या छोट्या कवितेकडे जातो. चार ओळी, वीस अक्षरं, त्यातली बहुतेक ओळखीची. इंग्रजी बरं असेल तर तासाभरात भाषांतर होतं आणि वाचायला छानही लागतं. मुळाशी ताडून पाहिलं की मात्र ते जागोजागी घसरलेलं दिसतं. या घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. इंग्रजी वाक्य सारखं विचारत असतं: कोण? एक की अनेक? आत्ता की तेव्हा? चिनी ओळ याची उत्तरं देतेच असं नाही. ती उत्तरं आपण घाईने भरून टाकतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

ओळखीच्या अक्षरावर विसंबणं

थांग काळातला कवी दु फू याची ७६३ सालची एक कविता आहे. सरकारी फौजेने बंडखोरांकडून मुलूख परत घेतल्याची बातमी त्याला कळते. ती ऐकताच त्याचे कपडे 'थी' आणि आसवांनी भिजतात. आजच्या चिनीत 'थी' म्हणजे शेंबूड. दु फूच्या काळी ते डोळ्यांतलं पाणीच होतं. पुढच्याच ओळीत तो वळून 'छी-त्स'कडे बघतो. आज या शब्दाचा अर्थ फक्त बायको. त्या काळी ही दोन अक्षरं वेगळी वाचायची: बायको आणि मुलं. मोबाइलवरच्या कोशातून अर्थ उचलला तर मुलं कवितेतून नाहीशीच होतात. युद्ध संपल्याची बातमी ऐकणारं आख्खं घर त्या ओळीत आहे, ते उरत नाही.

असे शब्द पुष्कळ आहेत. 'त्सौ' म्हणजे आज चालणं, तेव्हा धावणं. 'थांग' आज सूप, तेव्हा गरम पाणी. त्यामुळे ओळखीचं अक्षर आधी शोधायचं, अनोळखी नंतर. अनोळखी अक्षरासाठी आपण कोश उघडतोच. पॉल क्रोल यांचा २०१५ साली निघालेला अभिजात आणि मध्ययुगीन चिनीचा विद्यार्थी-कोश यासाठी हाताशी असावा.

नसलेला 'मी' आणून बसवणं

त्याच काळातला कवी वांग वेई याच्या हरणांच्या कुंपणावरच्या कवितेची पहिली ओळ पाच अक्षरांची आहे: रिकामा, डोंगर, नाही, दिसणं, माणूस. मराठीत आपण सहज म्हणतो, 'रिकाम्या डोंगरात माणूस दिसत नाही.' कोणाला दिसत नाही, हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत गेलं की पहिलाच शब्द 'आय' येऊन बसतो, आणि निर्जन डोंगरात एक माणूस उभा राहतो. पुढच्या ओळींत माणसांचे आवाज तेवढे ऐकू येतात, मावळतीचं ऊन दाट रानात शिरतं आणि शेवाळावर पुन्हा पडतं. या सगळ्याला कोणी बघणारा नेमलेला नाही, आणि कवितेची ताकद त्यातच आहे. 'नो वन इन साइट' यासारखी रचना इंग्रजीत चालते, ती वापरावी. मराठी भाषांतरकाराला इथे एक सोय आहे: कच्चा खर्डा आधी मराठीत करावा. कर्ता न सांगता ओळ कशी उभी राहते, हे लगेच कळतं.

दरवेळी मात्र असं सुटता येत नाही. ७५७ साली बंडखोरांनी व्यापलेल्या छांगआन या राजधानीत दु फूने वसंतावर कविता लिहिली. तिच्यात काळ जाणवून फुलं आसवं उडवतात आणि ताटातुटीच्या दुःखाने पक्षी मन दचकवतात. रडतं कोण, फुलं की फुलांकडे बघणारा कवी? दचकतं कोणाचं मन? व्याकरण दोन्ही अर्थ देतं. इंग्रजीत एक निवडावा लागला तर निवडा, पण दोन्ही ओळींत एकाच बाजूने. पहिलीत फुलं रडतात आणि दुसरीत कवी दचकतो, असं केलं की दोन ओळींची जोडी मोडते. या छंदात मधल्या ओळी एकमेकींना अक्षरागणिक जुळवलेल्या असतात, म्हणून ही काळजी घ्यायची.

दुसऱ्याच्या टिपणांवरून भाषांतर

अमेरिकी कवी एझ्रा पाउंड यांना चिनी येत नव्हतं. अर्नेस्ट फेनोलोसा या अमेरिकी अभ्यासकांनी जपानमध्ये तिथल्या विद्वानांकडून समजून घेऊन टिपणं केली होती, त्यावरून पाउंड यांनी १९१५ सालचा आपला संग्रह रचला. त्यात थांग काळातला कवी ली बाई याचं नाव जपानी उच्चाराने 'रिहाकु' असं येतं. ली बाईने आपला मित्र मंग हाओरानला निरोप दिला ती कविता त्यात आहे. मुळात जुना मित्र पश्चिमेकडच्या पीतक्रौंच मनोऱ्याचा निरोप घेऊन धुकट फुलांच्या तिसऱ्या महिन्यात यांगचौला उतरतो. पाउंडकडे 'जुना मित्र' याचा जपानी उच्चार 'कोजिन' हे माणसाचं नावच झालं, आणि हा कोजिन पश्चिमेला निघाला. नकाशा उघडला असता तर चूक तिथेच सापडली असती: मनोरा वुहानला आहे, यांगचौ तिथून पूर्वेला, नदीच्या उताराच्या दिशेने. त्याच संग्रहात ली बाईच्या दोन वेगळ्या कविता एकत्र झाल्या आहेत, कारण दुसरीचं लांबलचक शीर्षक पाउंड यांनी कवितेच्याच ओळी समजून घेतलं.

इंग्रजी कविता म्हणून तो संग्रह मला फार मोलाचा वाटतो. चिनी कवितेचा दाखला म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. कवितेत गाव, नदी, घाट आला की नकाशावर बोट ठेवून प्रवास करून बघावा. विशेषनाम दिसलं की ते खरंच नाव आहे का, हे तपासावं. हे इंग्रजीवरून मराठीत चिनी कविता आणणाऱ्यांनाही लागू आहे. तिथे तर मधला हात आणखी एक वाढतो.

एका शब्दाचे तीन शब्द

जेम्स लेग यांचं कन्फ्यूशियसच्या संवादांचं भाषांतर १८६१ साली निघालं. काम अफाट आहे. पण 'रन' (माणुसकी, सद्भाव) या एकाच संज्ञेला ते कुठे खरा सद्गुण म्हणतात, कुठे परिपूर्ण सद्गुण, कुठे सद्गुणी रीत. गुरू प्रत्येक वेळी त्याच गोष्टीबद्दल बोलतोय, हे इंग्रजी वाचकाला कळायला मार्ग राहत नाही. आर्थर वेली यांनी 'गुडनेस' हा शब्द मोठ्या अक्षराने धरून ठेवला. शब्द तोकडा आहे, पण धागा तुटत नाही. मला दुसरी वाट बरी वाटते. काही शब्द मुळातलेच ठेवायलाही हरकत नाही. संस्कृतातून चिनीत ग्रंथ नेणाऱ्या युआन श्वांगच्या (आपल्याकडचा ह्युएनत्संग) नावावर भाषांतर न करण्याची पाच कारणं सांगितली जातात. शब्दाला अनेक अर्थ असणं हे त्यातलं एक. 'दाओ' (मार्ग) आणि 'छी' (प्राणशक्ती) या यादीत सहज बसतात.

नावं

महाराष्ट्राचं आणि पुलकेशीचं वर्णन करणारा हा युआन श्वांग इंग्रजीत जुन्या अभ्यासकांपैकी बीलकडे एका स्पेलिंगने येतो, वॉटर्सकडे दुसऱ्या आणि आजच्या पुस्तकांत तिसऱ्या. पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची आजची पद्धत, १९५८ पासूनची. जुनी पुस्तकं वापरताना दोन पद्धती एका पानावर मिसळल्या की एकाच माणसाची दोन माणसं होतात. पहिल्या दिवशी तक्ता करा आणि सगळी नावं पिनयिनमध्ये लिहा.

कादंबरीत अडचण आणखी खोल जाते. 'लाल महालाचं स्वप्न' या अठराव्या शतकातल्या चिनी कादंबरीत 'ज्या' या घराण्याच्या नावाचा उच्चार 'खोटं' या शब्दासारखा आहे, आणि लेखकाने तो मुद्दाम योजलाय. इंग्रजी भाषांतरकार डेव्हिड होक्स यांनी मालकवर्गाची नावं तशीच ठेवली, दासींची मात्र अर्थाने इंग्रजीत आणली. शेकडो पात्रांत वाचक हरवत नाही, म्हणून मला ही योजना पटते. त्यांनी लाल रंगाच्या जागी हिरवा आणला, ते मात्र पटत नाही. चिनीत लाल म्हणजे तारुण्य, वसंत, सौभाग्य. इंग्रजी वाचकाला हे हिरव्यात जाणवेल, असा त्यांचा विचार. पण हा लाल कादंबरीच्या नावापासून पात्रांच्या कपड्यांपर्यंत विणलेला आहे. यांग श्यान-यी आणि ग्लॅडिस यांग या भाषांतरकार जोडप्याने तो तसाच ठेवला.

किरकोळ पण नेहमीची चूक: तिसरा महिना म्हणजे मार्च नव्हे, तो चांद्रमास साधारण एप्रिलात पडतो. हजार 'ली' (अंतराचं जुनं माप) हे बहुतेकदा 'फार दूर' एवढंच असतं, त्याचे मैल करू नयेत. वयात आपल्या हिशेबाने एक-दोन वर्षं जास्त धरलेली असतात.

पूर्वीची भाषांतरं जरूर बघावीत, पण आपला पहिला खर्डा झाल्यावर. आधी बघितली तर त्यांच्या चुकाही आपल्या हातून उतरतात. नंतर तीन-चार शेजारी ठेवून ओळीगणिक वाचली, की जिथे सगळे वेगवेगळं म्हणतात ती ओळ मुळात पुन्हा उघडायची.