मावशीने कोंबलेले पैसे तिच्याच घरी ठेवून येण्याची युक्ती

निघताना मावशी कुंकू लावते आणि मुलांच्या हातात पाचशेची नोट कोंबते. मग दारात 'नको गं', 'घे गं' अशी दहा मिनिटं झटापट, आणि खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. यापेक्षा सोपं:

१. नोट मुकाट्याने घ्या, वाकून नमस्कार करा.
२. 'पाणी पिऊन येते' म्हणून स्वयंपाकघरात जा. नोट छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात वरच ठेवा. सोबत चिठ्ठी: 'सापडली? आता तुझीच!' (पिशवी आणि चिठ्ठी घरूनच पर्समध्ये ठेवलेली बरी.)
३. गाडी सुटली की फोन करा. एकदम सांगू नका; 'रोज दोन वाट्या काढतेस तिथे बघ' एवढंच. तिकडून डब्यांची झाकणं वाजायला लागतात, तो आवाज ऐकण्यात खरी मजा आहे.

मावशीने दहा-वीस रुपयेच दिले तर ते मात्र मुलांकडे राहू द्या, तो आशीर्वाद असतो.

जपायचं एकच: नोट रद्दीत, उशीच्या अभ्र्यात किंवा धुण्याच्या कपड्यांत लपवू नका. आणि त्याच रात्री जागा सांगून टाका. पुढच्या वेळी आपल्या बॅगेत लाडवांच्या डब्याखाली तीच नोट निघते, म्हणून घरी पोचल्यावर बॅग नीट तपासा.