डिस्प्लेच्या पेटंट फाइलवर काम सुरू करताय? माझा अनुभव

आमच्याकडे नवीन लागलेली एक मुलगी परवा पिक्सेल इलेक्ट्रोडची, म्हणजे स्क्रीनच्या एकेका ठिपक्याला वीज देणाऱ्या पारदर्शक पापुद्र्याची फाइल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ताई, क्लेम (म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य) पाच वेळा वाचला, शब्द न् शब्द कळतोय पण डोळ्यासमोर काहीच येत नाहीये. माझंही पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं, तेव्हा कोणी शेजारी बसवून सांगितलं असतं तर सहा महिने तरी वाचले असते, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, या क्षेत्रात यायचा विचार करणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मी मूळची सांगलीची, ईएनटीसी इंजिनिअरिंग केलं, आणि पुण्यात पेटंटच्या कामाला लागून आता आठ वर्षं झाली. परदेशी कंपन्या, त्यातही जपानी, कोरियन, चिनी जास्त, भारतात जे अर्ज करतात ते आमच्याकडे येतात. पेटंट ऑफिसचा एक्झामिनर अर्ज तपासून पहिला रिपोर्ट काढतो, त्याला सगळे एफईआरच म्हणतात, आणि त्यातल्या आक्षेपांना उत्तर लिहिणं हे माझं रोजचं काम. डिस्प्लेच्या फाइली मला सुरुवातीला कोणी घेत नाही म्हणून मिळाल्या, आज मी त्या मागून घेते.

आधी वस्तू बघा, कागद नंतर. घरात जुना बंद न पडलेला एलसीडी स्क्रीनचा फोन असेल तर मोबाइलला लावायची क्लिपवाली भिंग घ्या, स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावा आणि जवळून बघा. पांढरं कुठेच दिसणार नाही, लाल हिरव्या निळ्या पट्ट्या दिसतील, त्यांच्यामध्ये बारीक काळी जाळी, आणि आयपीएस नावाच्या प्रकारच्या बऱ्याच पॅनेलमध्ये या पट्ट्या सरळ नसतात, मधेच कोपरासारख्या वाकलेल्या असतात, वरच्या ओळीत एकीकडे झुकलेल्या तर खालच्या ओळीत दुसरीकडे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दहा मिनिटं नुसती बघत बसले होते, कारण आदल्या आठवड्यात ज्या क्लेममध्ये 'बेंट पोर्शन' हा शब्द अकरा वेळा आला होता तो बेंट पोर्शन कशाचा ते तेव्हा कळलं. अशी एकेक पट्टी म्हणजे सबपिक्सेल, फुल एचडी स्क्रीनला १९२० गुणिले १०८० गुणिले ३ म्हणजे ६२ लाखांच्या वर सबपिक्सेल होतात, आणि त्या प्रत्येकाच्या मागे एक बारीक ट्रान्झिस्टर आणि एक पिक्सेल इलेक्ट्रोड असतो. काळी जाळी म्हणजे ब्लॅक मॅट्रिक्स, वायरी आणि ट्रान्झिस्टर तिच्याखाली झाकलेले असतात.

आता आतली रचना. खालच्या काचेवर गेट लाइन आणि डेटा लाइन एकमेकींना छेदून जातात, छेदाजवळ टीएफटी, म्हणजे तोच बारीक ट्रान्झिस्टर, त्याचं ड्रेन नावाचं टोक एका कॉन्टॅक्ट होलमधून पिक्सेल इलेक्ट्रोडला जोडलेलं. इलेक्ट्रोड आयटीओचा, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा, पारदर्शक. त्याच्या जोडीला कॉमन इलेक्ट्रोड, या दोघांमधल्या व्होल्टेजने लिक्विड क्रिस्टलचे रेणू वळतात आणि प्रकाश कमीजास्त होतो. जुन्या टीएन प्रकारात कॉमन इलेक्ट्रोड वरच्या काचेवर असतो, म्हणजे फील्ड, विजेचं क्षेत्र, उभं. आयपीएसमध्ये दोन्ही इलेक्ट्रोड खालच्याच काचेवर, फील्ड आडवं. एफएफएस हे त्याचंच पुढचं रूप, १९९० च्या दशकात कोरियात ह्युंदाई इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झालेलं, त्यात एक इलेक्ट्रोड सलग, त्यावर पातळ इन्सुलेटिंग थर आणि त्यावर स्लिट म्हणजे लांबट फटी पाडलेला दुसरा इलेक्ट्रोड. स्लिटची रुंदी काही मायक्रॉन. एवढं पक्कं डोक्यात असेल तर डिस्प्लेच्या बऱ्याच फाइली उघडतात, कारण या क्षेत्रात नवीन साहित्य सापडल्याच्या फाइली कमी असतात, नवीन असतं ते कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या बाजूला, किती वाकलेलं, किती झाकलेलं हेच. म्हणून क्लेम वाचताना प्रत्येक भागाला पेन्सिलने ड्रॉइंगमध्ये रंग द्या, पिक्सेल इलेक्ट्रोडला कायम एकच रंग ठेवा, आणि क्रॉस सेक्शन, म्हणजे थर दाखवणारा छेद, स्वतःच्या हाताने काढा. स्क्रीनवर झूम करून काम भागत नाही, मी करून बघितलंय.

एक फाइल सांगते, तपशील बदललेत पण गाभा तोच आहे. क्लेम असा होता की पिक्सेल इलेक्ट्रोडला तिरप्या स्लिट आहेत आणि स्लिटचं टोक मधल्या भागापासून वळलेलं आहे. एक्झामिनरने दोन जुनी डॉक्युमेंट्स दिली होती, आपल्याकडे त्यांना डी१ डी२ म्हणतात. डी१ मध्ये एफएफएस पॅनेल, स्लिट सरळ. डी२ मध्ये वळलेल्या टोकाच्या स्लिट. आक्षेप असा की डी१ घेऊन त्यात डी२ ची टोकं लावणं त्या क्षेत्रातल्या कुणाही जाणकाराला सुचलं असतं, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) खाली इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारं नवं पाऊल, नाही.

मी तीन पानी उत्तर लिहिलं, डी१ मध्ये वळण नाही, डी२ मध्ये आमचा थर नाही, आणि आमच्या डिस्प्लेचं चित्र फार उत्कृष्ट दिसतं. सहा महिन्यांच्या मुदतीत व्यवस्थित भरलं आणि मला वाटलं झालं काम. काही महिन्यांनी हिअरिंगची नोटीस आली, आक्षेप जसाच्या तसा. का ते नंतर कळलं. आक्षेप दोन डॉक्युमेंट एकत्र करण्यावर होता आणि मी दोघांना वेगवेगळं पाडत बसले होते, त्याने काहीच होत नाही. आणि उत्कृष्ट हे विशेषण आहे, कारण नव्हे. ही माझी चूक होती, आणि नवीन लोकांच्या दहा उत्तरांपैकी सात-आठ उत्तरांत मला आजही तीच दिसते.

हिअरिंगच्या आधी मी स्पेसिफिकेशन, म्हणजे अर्जातलं शोधाचं पूर्ण वर्णन, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, यावेळी फक्त एवढाच प्रश्न घेऊन की टोक वळवल्याने विजेचं नेमकं काय होतं. स्लिटच्या लांब कडांवर फील्ड कडेला काटकोनात असतं, रेणू ठरलेल्या दिशेने वळतात, सगळं ठीक. पण स्लिट जिथे संपते तिथे आडवी कड येते, तिथलं फील्ड भलत्याच दिशेला जातं आणि टोकाच्या एका कोपऱ्यातले रेणू उलट वळतात. सुलट आणि उलट वळलेल्या भागांच्या सीमेवर काळी रेघ पडते, तिला डिस्क्लिनेशन म्हणतात. स्क्रीनवर बोट दाबलं की ही रेघ सरकून पिक्सेलच्या आत घुसते आणि बोट काढल्यावरही डाग राहतो. टोक जर आहे त्याच तिरपेपणात आणखी वळवलं तर तिथल्या रेणूंना सुलट वळायचा जोर जास्त मिळतो आणि रेघ टोकातच अडकून राहते. म्हणजे सगळी गंमत वळणाच्या दिशेत आहे! मग डी२ ची आकृती काढून बघितली तर तिथलं वळण उलट्या बाजूला होतं आणि तेही वेगळ्याच कामासाठी, वरच्या काचेवर कॉमन इलेक्ट्रोड असलेल्या उभ्या फील्डच्या पॅनेलमध्ये. ते तसंच्या तसं डी१ मध्ये लावलं तर उलट वळणारा भाग वाढेल, कमी होणार नाही.

इथे एक सावधगिरी. पेटंटची ड्रॉइंग प्रमाणात काढलेली आहेत असं धरून चालता येत नाही, त्यामुळे त्यावर कोनमापक ठेवून डी२ मध्ये कोन अमुक अंश आहे असा युक्तिवाद करू नका, तो टिकत नाही. दिशा मात्र वाचता येते, आणि मजकुरात लिहिलेलं तर हक्काने वापरता येतं.

हिअरिंग व्हिडिओ कॉलवर झाली. मी स्क्रीनवर दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी ठेवून पंधरा मिनिटं समजावलं, कंट्रोलर साहेबांनी, म्हणजे पेटंट ऑफिसच्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हे सगळं बरोबर आहे पण तुमच्या क्लेममध्ये दिशा कुठे लिहिलीये? नव्हतीच लिहिलेली. क्लेममध्ये फक्त 'वळलेलं' होतं, म्हणजे उलटं वळणही त्यात बसत होतं आणि डी२ सुद्धा. तेवढ्यावर माझे हातपाय गार पडले. पण वर्णनात दिशा स्पष्ट दिलेली होती, म्हणून तिथून ती क्लेममध्ये घेतली. कलम ५९ इथे लागतं ते समजून घ्या, भारतात दुरुस्ती करताना नवा क्लेम जुन्या क्लेमच्या हद्दीत पूर्ण बसला पाहिजे आणि त्याला मूळ स्पेसिफिकेशनचा आधार पाहिजे, अरुंद करता येतो, रुंद नाही. हिअरिंगनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस मिळतात, त्यात सुधारलेला क्लेम आणि कारण दोन्ही दिलं, आणि पेटंट मंजूर झालं. तेव्हापासून माझी सवय आहे, उत्तरातल्या प्रत्येक मुद्द्यासमोर समासात क्लेमची ओळ लिहायची, जिथे ओळ सापडत नाही तो मुद्दा क्लेममध्ये नाहीच असं समजायचं.

कलम ३(एफ) चा आक्षेपही या फाइलींवर अधूनमधून येतो, की ही तर माहीत असलेल्या भागांची नुसती फेरमांडणी. कलम नीट वाचलं तर त्यात एक अट आहे, ते भाग एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि माहीत असलेल्या पद्धतीनेच काम करत असले पाहिजेत. पिक्सेल इलेक्ट्रोड आणि कॉमन इलेक्ट्रोड स्वतंत्र काम करूच शकत नाहीत, फील्ड दोघांमुळे मिळून तयार होतं, आणि हे कारणासकट लिहिलं की मुद्दा समोरच्याला पटतो. स्क्रीनवर काय दाखवायचं याचा नुसता हिशोब असेल तर ३(के), म्हणजे गणिती पद्धती आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅमवरचं कलम, येतं, तो वेगळा विषय.

सर्चबद्दल, म्हणजे आधीची डॉक्युमेंट्स शोधण्याबद्दल थोडं, कारण नवीन लोकांना पहिलं काम बहुतेक तेच मिळतं. 'पिक्सेल इलेक्ट्रोड' एवढाच शब्द टाकून शोधलंत तर अर्धं निसटतं. जुन्या जपानी डॉक्युमेंटच्या भाषांतरात तोच 'पिक्चर एलिमेंट इलेक्ट्रोड' किंवा 'डिस्प्ले इलेक्ट्रोड' म्हणून येतो, कॉमन इलेक्ट्रोडला 'काउंटर इलेक्ट्रोड' म्हटलेलं असतं, आणि काउंटर म्हणजे समोरच्या काचेवरचा असं समजून चालू नका, आयपीएसमध्ये तो त्याच काचेवर असू शकतो. मी एकदा नुसत्या या शब्दावर विसंबून एक महत्त्वाचं डॉक्युमेंट बाजूला टाकलं होतं, सीनिअरनी आकृती उघडून दाखवली तेव्हा समजलं. शब्दांपेक्षा क्लासिफिकेशन, म्हणजे पेटंटना विषयानुसार दिलेले कोड, भरवशाचं. इलेक्ट्रोडसाठी जी०२एफ १/१३४३, अ‍ॅक्टिव्ह मॅट्रिक्ससाठी १/१३६२, आयपीएससाठी सीपीसी या कोडपद्धतीत १/१३४३६३, आणि स्लिट किंवा उंचवटे करून फील्ड वाकवलं असेल तर १/१३३७०७. हे चार आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. ओएलईडीत, म्हणजे ज्यात पिक्सेल स्वतःच उजळतात त्या स्क्रीनमध्ये, पिक्सेल इलेक्ट्रोड म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅनोड, तिथे लिक्विड क्रिस्टल नाही, त्यामुळे हे कोड तिथे चालणार नाहीत.

तारखांचं सांगायलाच पाहिजे कारण तिथे चुकीला माफी नाही. एफईआरच्या तारखेपासून उत्तराला ६ महिने, फॉर्म ४ भरून आणखी ३ मिळतात, मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. १५ मार्च २०२४ पासून नियम बदललेत, त्यानंतरच्या अर्जांना तपासणीची विनंती प्रायॉरिटी तारखेपासून, म्हणजे त्या शोधाच्या सगळ्यात पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांत करावी लागते, आधी ४८ होते, आणि एफईआर आल्यावर ३ महिन्यांत परदेशातल्या अर्जांची माहिती फॉर्म ३ वर द्यायची असते. उत्तराला ६ महिने आहेत म्हणून निवांत राहिलात तर फॉर्म ३ ची तारीख तोवर निघून जाते.

करिअरचं बरेच जण विचारतात. पेटंट एजंट व्हायला भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण आणि विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री लागते, वकिलीची डिग्री लागत नाही. परीक्षेत पेपर १ कायदा आणि नियम, पेपर २ ड्राफ्टिंग म्हणजे क्लेम आणि स्पेसिफिकेशन लिहिणं, मग तोंडी, दोन्ही पेपरांत किमान ५० टक्के आणि सगळं मिळून ६० टक्के. परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही, त्यामुळे नोटिफिकेशनची वाट बघत अभ्यास लांबवू नका. पेपर २ मध्ये माझं पहिल्या वेळी राहिलं, कारण मी कलमं पाठ केली आणि क्लेम लिहायचा सरावच केला नव्हता, दुसऱ्या वेळी दोन महिने रोज घरातली एक वस्तू घेऊन क्लेम लिहिला, कुकरची शिट्टी, छत्री, चिमटा, आणि निघाला पेपर. सरकारी बाजूने जायचं असेल तर एक्झामिनरची भरती निघते तेव्हा स्पर्धा परीक्षा असते आणि निवड झालेल्यांचं ट्रेनिंग आपल्या नागपूरला राष्ट्रीय बौद्धिक संपदा संस्थेत होतं, विदर्भातल्या मुलांना हे माहीतच नसतं म्हणून मुद्दाम सांगते. आणि फिजिक्सवाल्यांनो, एमएस्सी करून पुढे काय म्हणत बसला असाल तर या फाइलींना तुमची खरंच गरज आहे, फील्ड कुठल्या दिशेने जातं हे तुम्ही आमच्याआधी सांगाल.

त्या मुलीच्या फाइलला अजून दोन महिने आहेत. काल तिने क्रॉस सेक्शन हाताने काढून आणलं, दोन्ही इलेक्ट्रोड बरोबर जागी होते पण त्यांच्यामधला इन्सुलेटिंग थर काढायचा राहिला होता, मी काही न बोलता तिथे बोट ठेवलं, तिने बघितलं, म्हणाली अरे हे तर शॉर्ट होईल, आणि परत जागेवर जाऊन डी२ ची आकृती काढायला घेतली.