रात्रपाळी, कीबोर्ड अन् मायची झोप

आर्वीजवळच्या आमच्या गावात रात्री दहानंतर रातकिडे सोडले तर आवाजच नसतो. त्यात माझा मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे दर बटणाखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच, अन् तोही निळा, दाबला की 'टिक' वाजणारा! पलीकडच्या खोलीतून माय ओरडे, "काय रे बापा, तूर भरडून राहिला का?"

मित्राचा लाल स्विचवाला वापरून पाहिला. त्यात निळ्यासारखी 'टिक' नसते, पण बटण तळाला आपटतंच. शेवटी रबरी पडद्याचा साधा मेंब्रेन घेतला, स्वस्तही पडला. तरी टेबल घुमायचं, पत्र्याचं न ते! खाली जुन्या सतरंजीची दुहेरी घडी टाकली. खरं सांगतो, हे आधी केलं असतं तर निम्मी कटकट तिथंच मिटली असती. स्पेसबार मात्र अजून ठक् करतो. उन्हाळ्यात कूलर लागला की तेही बुडतं.